नऊ दिवस गॅस बंद

पत्राचा सारांश : माझे वय 43, वजन 71 किलो, आणि गेली सहा वर्षे थायरॉईडची गोळी चालू आहे. एका शिबिरात ‘अग्नीचा स्पर्श न झालेले अन्न हेच जिवंत अन्न’ असे ऐकून आषाढी एकादशीपासून आम्ही घरात काहीही शिजवणे बंद केले. चहा बंद, दूध बंद, साध्या मिठाऐवजी सैंधव. सकाळी दुधी, पालक आणि कोबीचा रस, दुपारी मोड आलेली मटकी, मेथी, भिजवलेला राजमा आणि काकडी-गाजर, रात्री फळे. पहिले चार दिवस फार हलके वाटले आणि वजन अडीच किलो उतरले. आता मात्र पोट फुगते, डोके दुखते, चिडचिड होते. यजमानांना मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड घेतात. परवा ऑफिसात त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. बारा वर्षांची मुलगी शेजारी जाऊन वरणभात खाऊन येते. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, कवळी लावतात, आणि ‘ज्या घरात चूल पेटत नाही ते सुतकातले घर’ असे म्हणून डोळ्यांत पाणी आणतात. शिबिरातले लोक सांगतात की ही विषद्रव्ये बाहेर पडण्याची लक्षणे आहेत, 21 दिवस नेट धरा. काय करावे? — एक वाचक, मिरज

सप्रेम नमस्कार,

तुम्ही ज्या क्रमाने लिहिले आहे त्या क्रमाने मी उत्तर देणार नाही, कारण पत्राच्या मध्यावर एका ओळीत उरकलेली गोष्ट सर्वांत आधी घेणे भाग आहे. तुमच्या यजमानांना ऑफिसात फुटलेला घाम आणि हातांची थरथर यांचा विषद्रव्यांशी काहीही संबंध असण्याची शक्यता दिसत नाही. ती रक्तातील साखर खाली गेल्याची अगदी नेहमीची लक्षणे आहेत. ग्लिमेपिराईड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही समोर भाकरी ठेवा की काकडी ठेवा. गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी पोळी-भाकरी-भात खाणाऱ्या माणसासाठी ठरवले होते, आणि तुम्ही गोळी तशीच ठेवून त्या माणसाच्या ताटातले धान्य एका रात्रीत काढून घेतले. तेव्हा आज रात्रीपासून त्यांचे जेवण पूर्ववत करा आणि उद्याच त्यांच्या डॉक्टरांना घडलेला प्रकार सांगा. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका आणि अर्धीही करू नका. पुन्हा तसे झाले तर ग्लुकोमीटरवर साखर बघावी, ती 70 च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्यानंतर काहीतरी पोटभरीचे खावे. अशा वेळी कच्च्या गाजराचा काही उपयोग नसतो. दुचाकीवरून ऑफिसला जात असतील तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे, एवढेच लिहून पुढे जाते.

आता तुमचा सकाळचा रस. त्यातल्या दुधीबद्दल मी जरा विस्ताराने लिहिते, कारण बागेच्या फाटकापाशी स्टीलच्या पिंपातून हा रस विकणारे आणि तो निष्ठेने पिणारे लोक मी रोज पाहते, आणि त्यांतल्या बहुतेकांना एक साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या वेलींच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, परंतु वेलीला ताण पडला किंवा बियाण्यात गडबड झाली की एखादे फळ कडूजहर निघते. त्याची भाजी केली तर पहिल्याच घासाला आपण तोंड वाकडे करून ताट बाजूला सारतो. रस मात्र ‘औषध कडूच असायचे’ म्हणून डोळे मिटून घशाखाली उतरवला जातो. त्यातून उलट्या, कधी रक्ताच्या उलट्या, जुलाब आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडले आहेत आणि आपल्या देशात त्यात माणसे दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या विषयात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे की रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागला तर ते फळ फेकून द्यावे, आणि हा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये. तुम्ही नेमके तेच करत आहात, कारण पालक, कोबी, आले आणि लिंबू यांच्या गर्दीत दुधीचा कडवटपणा जिभेला कळतच नाही. दुधी खावा, जरूर खावा, पण हरभऱ्याची डाळ घालून भाजी करून खावा.

पालकाचे प्रकरण दुधीइतके नाट्यमय नाही, तरी एक जुडी पालक रोज कच्चा वाटून पिणे चांगले नव्हे. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवायला हातभार लावणारे द्रव्य, भरपूर असते. पालक उकळून पाणी टाकून दिले की त्यातले बरेचसे निघून जाते, रसात मात्र सगळेच्या सगळे पोटात जाते, आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे किंवा ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत त्यांना ते महागात पडते. तुमच्या थायरॉईडच्या दृष्टीने कच्चा कोबी एरवी वाटीभर खाल्ला तर काही बिघडत नाही, परंतु रोजचा पेलाभर रस आणि त्याच वेळी आयोडीनयुक्त मीठ घरातून हद्दपार, ही जोडी मला मान्य नाही, कारण कच्च्या कोबीतली काही द्रव्ये थायरॉईडच्या आयोडीन वापरण्याच्या आड येतात. सैंधव हे निसर्गतः आयोडीनचा भरवसा देणारे मीठ नाही, पाकिटावर तसे छापलेले असेल तरच ते धरावे. शिवाय तुम्ही सहा वाजता गोळी आणि सव्वासहाला रस घेता असे लिहिले आहे. ती गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, दुसरे काहीही घ्यायचे नसते.

तुम्हाला पहिले चार दिवस हलके वाटले हे मी खोटे मानत नाही. कसे वाटणार नाही? चहाबरोबरची खारी, रात्री दहाचे जेवण, तळण, उरलेली भाजी संपवण्यासाठी खाल्लेली जास्तीची पोळी, हे सगळे एका दिवसात थांबले. अडीच किलोचा हिशोब मात्र वेगळा आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे अर्धा किलो पिष्ट साठवलेले असते आणि ते आपल्याबरोबर तिपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते. धान्य बंद झाले की हा साठा वापरला जातो, पाणी सुटते आणि काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. पहिली भाकरी खाल्ली की त्यातले बरेचसे परत येते. डोकेदुखीत तर रोजचा तीन कप चहा एकदम सुटल्याचाही हात असेल. आणि पोट फुगण्याचे कारण असे की शिजवल्याने ज्या पेशीभित्ती मऊ पडतात त्या तुमच्या आतड्यांत जशाच्या तशा पोहोचत आहेत, आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना एकाएकी लग्नाची पंगत मिळाली आहे. चोथा वाढवायचा तर तो आठवड्या-आठवड्याने वाढवावा लागतो.

शिबिरातला मुख्य दावा असा की सुमारे 46-48 अंशांच्या वर तापवले की अन्नातली एन्झाइम्स मरतात आणि अन्न ‘मृत’ होते. एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात हे खरे आहे, पण ती वनस्पतीने स्वतःच्या कामासाठी केलेली प्रथिने आहेत. जठरातल्या आम्लात त्यांची गत इतर प्रथिनांसारखीच होते आणि आपल्या पचनासाठी लागणारी एन्झाइम्स आपले शरीर स्वतः तयार करते. जीवनसत्त्वांचे गणितही एकतर्फी नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने घटते, म्हणून भाजी गॅसवरून उतरवल्यावर लिंबू पिळण्याची आपली पद्धत उत्तम. उलट टोमॅटोतले लायकोपीन आणि गाजरातले बीटा कॅरोटीन शिजवल्यावर अधिक सहज मिळते, आणि सोबत स्निग्ध पदार्थ असेल तर आणखी. कोशिंबिरीवरची तुपाची फोडणी आणि दाण्याचे कूट केवळ चवीसाठी असते असे मला कधीच वाटले नाही.

ज्याला संपूर्ण कच्चे खायचे आहे त्याला एक हिशोब करावाच लागतो आणि तो शिबिरात कोणी मांडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे 1,660 किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅम काकडीत साधारण 15 असतात, म्हणजे ही गरज काकडीवर भागवायची तर अकरा किलो काकडी हवी. गाजरावर भागवायची तरी चार किलो. साहजिकच जे लोक या आहारावर दीर्घकाळ टिकतात ते भाज्यांवर जगत नाहीत. ते खोबरे, शेंगदाणे, बदाम, खजूर आणि केळी यांवर जगतात, आणि मग ‘हलका आहार’ हे वर्णनही उरत नाही आणि महिन्याचे वाण्याचे बिल बघण्यासारखे होते. त्यातही एक गंमत सांगते. तुम्ही ‘कच्चे काजू’ भिजवून दही करता असे लिहिले आहे, पण बाजारातला कच्चा काजू कच्चा नसतोच. काजूच्या टरफलात बिब्ब्यासारखे कातडी भाजणारे तेल असते, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवून किंवा भाजून मगच फोडतात. ज्यांनी कोकणात मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर सोलले आहेत त्यांची बोटे ही गोष्ट विसरत नाहीत. पोहे आणि गूळ यांनाही अग्नीचा स्पर्श झालेलाच असतो.

हा प्रयोग नवा नाही. गांधीजींनी तो 1893 मध्ये केला आणि सोडला, आणि पुन्हा 1929 मध्ये साबरमती आश्रमात मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कुटलेला हिरवा पाला, लिंबू आणि मध यांवर राहून अधिक गंभीरपणे केला. त्याची हकीकत ते ‘यंग इंडिया’त छापत असत. काही आठवड्यांनी अशक्तपणा आणि आमांश यांनी त्यांना गाठले, तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला आणि थांबवल्याचेही मोकळेपणाने जाहीर केले. त्यांच्याइतका हट्टी माणूस शरीर नाही म्हणाले तेव्हा थांबला, हे मला त्या प्रयोगापेक्षाही मोलाचे वाटते. जर्मनीतल्या गिसेन येथे दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी झाली होती, ती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात स्त्रियांचे वजन सरासरी 12 किलोंनी उतरलेले आढळले, आणि 45 वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे 30 टक्क्यांची पाळी अनियमित झालेली किंवा पूर्ण थांबलेली होती. यातला पहिला आकडा शिबिरात सांगतात.

हे वाचून आता तुमच्या मुलीकडे बघा. दहा ते बारा वर्षांच्या मुलीची रोजची गरज त्याच शिफारशींनुसार सुमारे 2,060 किलोकॅलरी, म्हणजे तुमच्याहून जास्त आहे. तिचे पोट तुमच्यापेक्षा लहान आहे, उंची वाढते आहे आणि पाळी येण्याचे वय आहे. ती शेजारी जाऊन वरणभात खाते त्याबद्दल तिला रागावू नका. तिच्या शरीराने योग्य निर्णय घेतला आहे, आणि शेजारच्या काकूंचे माझ्या वतीनेही आभार माना.

मटकीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण मोड आलेले कडधान्य म्हणजे पौष्टिकतेचा कळस, असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. मोड आल्याने फायटेट, म्हणजे लोह अडवून धरणारे द्रव्य, कमी होते, लोह थोडे अधिक शोषले जाते, क जीवनसत्त्व तयार होते, हे सर्व खरे. परंतु ओलावा, ऊब आणि बारा-पंधरा तासांचा अवधी या ज्या तीन गोष्टी मोडाला लागतात त्याच जिवाणूंनाही लागतात, आणि आषाढातल्या मिरजेत तिन्ही फुकट मिळतात. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली, जवळजवळ चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. तिचा माग काढता काढता तपास करणारे कच्च्या मोडांपर्यंत आणि शेवटी इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचले. जिवाणू बियांच्या फटीत असले तर वरून कितीही धुतले तरी जात नाहीत. मी स्वतः लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, नवीन सुनेच्या उत्साहात, पुरचुंडीतली मटकी तशीच कांदा-लिंबू घालून चौघांना खायला घातली होती आणि पुढचे दोन दिवस घरातला एकुलता एक संडास मोकळा मिळाला नव्हता. तेव्हा मोड आणा, पण फडके दर वेळी उकळून वाळवलेले असू द्या, मटकीला बोट लावल्यावर बुळबुळीत लागली किंवा तार सुटली तर मोह न करता टाकून द्या, आणि चांगली असली तरी पाच-सात मिनिटे दणदणीत वाफ काढूनच खा. ती कुरकुरीत राहते, गाळ होत नाही.

भिजवलेला राजमा मात्र आजच यादीतून काढा. कच्च्या राजम्यात जे लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते त्याने चार-पाच दाण्यांतही काही तासांत जोरदार उलट्या सुरू होऊ शकतात. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये नीट शिजवलाच पाहिजे. कडवे वाल, पावटा आणि सोयाबीन यांनाही कच्चे खाण्याच्या वाटेला जाऊ नये. अळू आणि सुरण कच्चे खाण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला नसावा अशी आशा आहे, कारण ती खाज चिंच घालून शिजवल्याशिवाय कोणाला सोडत नाही.

मेथीला या दिवसांत चिखल असतो. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करण्याची चाल अनेक घरांत आहे, तिची शास्त्रोक्त कारणे काहीही असोत, पावसाळ्यात मंडईतल्या जुडीची मुळे पाहिली की मला ती चाल पटते. शेताला सांडपाणी दिलेले असेल तर पानांवर पट्टकृमीची अंडी असू शकतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत गेल्या तर फिट येण्यापर्यंत मजल जाते. पाने मोठ्या पातेल्यात बुडवून ठेवावीत आणि पाणी ओतून न टाकता पाने वर उचलून घ्यावीत, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते; असे तीनदा करून मग वाहत्या पाण्याखाली धरावीत. दिवाळीपर्यंत मी तरी पालेभाजी शिजवूनच खाईन.

एवढे सगळे नको-नको लिहिल्यावर तुम्ही विचाराल की मग कच्चे काय खायचे. भरपूर खायचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे सुचवते आणि आपल्या ताटातली चमचाभर कोशिंबीर त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून तुमचा मूळ हेतू मला अगदी योग्य वाटतो. दुपारच्या जेवणात काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, बीट यांतल्या दोन-तीन गोष्टींची मोठी वाटीभर कोशिंबीर आधी खावी आणि मग भाकरी-भाजी-वरणाकडे वळावे. ताकही त्यात आले. मीठ अगदी वाढताना घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही. संध्याकाळी पाचला, ज्या वेळी खारी आठवते त्या वेळी, पेरू किंवा पपई. रात्री साडेसातला मुगाची खिचडी आणि भाजी. थंडीत मेथी स्वच्छ मिळू लागली की तिचा घोळाणा करा, त्यात कांदा, दाण्याचे कूट, कच्चे तेल आणि मीठ-तिखट यांखेरीज काही नसते. चैत्रात कैरी घालून वाटलेली आंब्याची डाळ आहेच. आपल्याकडे कच्चे खाण्याची रीत पूर्वीपासून आहे, फक्त ती शिजवलेल्याच्या शेजारी बसून खाण्याची आहे. यजमानांसाठी यातले किती आणि कधी, हे साखरेचे आकडे आणि गोळीचे प्रमाण बघून डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

सासूबाईंना मऊ भात, वरण, लोणी लावलेली मऊ पोळी आणि किसलेली काकडी द्या. त्या ज्याला सुतक म्हणाल्या ते मला नुसते भावनिक वाटत नाही. कवळीने गाजर चावता येत नाही, नऊ दिवस त्यांच्या पोटात पुरेसे गेलेले नसणार, आणि उपाशी आहे असे सुनेला सरळ सांगणे त्यांच्या पिढीला जमत नाही. त्यांचे वजन एकदा बघून घ्या.

शेवटचे काम प्रयोगशाळेतले. ब-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दही-ताकातून येते, आणि तुम्ही तेच बंद केले होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते, म्हणजे यजमानांच्या बाबतीत दोन्हीकडून ओढाताण आहे. दोघांचे ब-12 आणि हिमोग्लोबिन, त्यांचे एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि तुमचे टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासून घ्या. मात्र टीएसएचसाठी आयोडीनयुक्त मीठ आणि गोळीची वेळ पूर्ववत करून सहा आठवडे जाऊ द्या, त्याआधीचा आकडा फसवा येईल. बाकीचे या आठवड्यातच करा आणि आकडे आले की पुन्हा लिहा. त्या पत्रात मुलगी घरी जेवू लागली का, तेही कळवा.

तुमची,
सल्लागार